परीक्षक नावाचा वाचक : इंग्रजी लेखनपरीक्षेची पूर्वपीठिका

१

मराठी निबंधाचा इतिहास लिहिताना सामान्यतः नियतकालिके, ग्रंथ आणि व्यक्ती यांचा क्रम लावला जातो. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' (१८३२), लोकहितवादींची १८४८ पासूनची 'शतपत्रे', विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' (१८७४-८१) अशी एक साखळी तयार होते आणि तिच्यामागे प्रेरणास्थान म्हणून बेकन, अॅडिसन, जॉन्सन, मेकॉले ही इंग्रजी नावे उभी केली जातात. ही मांडणी चुकीची नाही. परंतु तिच्यात एक महत्त्वाचे स्थळ सुटून जाते. ते स्थळ म्हणजे परीक्षागृह. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मराठी भाषकांनी नियतकालिकांत जितके निबंध लिहिले त्याहून कितीतरी अधिक उत्तरपत्रिकांत लिहिले, आणि त्यांतील मोठा वाटा इंग्रजीत होता. हे लेखन छापले गेले नाही, जपलेही गेले नाही. गुण नोंदवून झाल्यावर ते रद्दीत गेले. वाङ्मयेतिहासाला त्याची दखल घ्यावीशी वाटली नाही, हे स्वाभाविकच होय. तथापि लिहिणाऱ्याच्या मनात वाचकाची जी प्रतिमा घडते, ती घडविण्यात या नष्ट झालेल्या लेखनाचा हात आहे, आणि मराठी समीक्षेच्या काही सवयींचे मूळही तेथेच सापडते, असे येथे सुचवावयाचे आहे.

हा प्रश्न केवळ गतकाळाचा नाही. नागपूर जिल्ह्यातील पारशिवनी हे तालुक्याचे गाव घेऊ. पूर्वी रामटेक तहसिलीत मोडणारे हे गाव पेंच नदीच्या खोऱ्यात वसले आहे. अशा गावातून परदेशी विद्यापीठात शिकावयास किंवा तेथील रुग्णालयात परिचारिका म्हणून नोकरीस जाऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींना आज इंग्रजी भाषेच्या प्रावीण्याची परीक्षा द्यावी लागते. वाचणे, ऐकणे, बोलणे आणि लिहिणे अशा तिच्या चार विभागांपैकी लेखनाचा विभाग हा तयारी करणाऱ्याला सर्वांत दुर्गम वाटतो. शब्द कमी पडतात, व्याकरण चुकते, वेळ पुरत नाही, ही कारणे नेहमी सांगितली जातात. ती खरी आहेतच. परंतु त्यांच्या मुळाशी आणखी एक अडचण आहे, आणि तिला जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे.

२

लेखनाची परीक्षा ही हिंदुस्थानात प्रथम राज्यकारभाराची गरज म्हणून आली. १८४४ च्या हार्डिंग यांच्या ठरावाने सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. १८५४ मध्ये मेकॉले यांच्या समितीने सनदी सेवेसाठी खुल्या स्पर्धापरीक्षेची योजना मांडली आणि १८५५ मध्ये लंडनला पहिली परीक्षा झाली. त्या योजनेतील गुणांची विभागणी बोलकी आहे. इंग्रजी भाषा व वाङ्मय या विषयाला १५०० गुण होते व त्यांतील ५०० केवळ निबंधलेखनाला होते; संस्कृतला ३७५ आणि अरबीला ३७५. ज्या देशावर राज्य करावयाचे त्याच्या दोन अभिजात भाषा मिळून ७५० आणि स्वभाषेत नीट निबंध लिहिता येण्याला एकट्यालाच ५००, असा तो हिशेब होता. निबंध ही येथे वाङ्मयीन कृती राहिली नव्हती. अपरिचित विषयावर, ठरावीक वेळात, संयत भाषेत मत मांडू शकणारा मनुष्य राज्यही चालवू शकेल, या गृहीतकाचे ते साधन होते. इंग्रजी वाङ्मय हा अभ्यासविषय म्हणून प्रथम वसाहतीत आकाराला आला आणि त्यामागे राज्यकारभाराचे हेतू होते, असे गौरी विश्वनाथन यांनी 'मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट' (१९८९) या ग्रंथात दाखविले आहे. त्यांच्या प्रतिपादनाला येथे एवढीच पुस्ती जोडावयाची, की वाङ्मयाच्या वाचनाबरोबर लेखनाची परीक्षाही आली आणि सामान्य विद्यार्थ्याच्या आयुष्यावर तिचा परिणाम अधिक थेट झाला.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. १८५९ मध्ये त्याची पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे मॅट्रिक्युलेशन, झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. नागपूरची वाट मात्र निराळी होती. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला आणि उच्च शिक्षणाच्या दृष्टीने हा मराठी मुलूख मुंबईला न जोडला जाता कलकत्त्याला जोडला गेला. १८८३ चे हिस्लॉप महाविद्यालय आणि १८८५ चे मॉरिस महाविद्यालय ही दोन्ही प्रारंभी कलकत्ता विद्यापीठाशी संलग्न होती. पुढे त्यांचा संबंध अलाहाबादशी जडला. १९२३ मध्ये नागपूरला स्वतःचे विद्यापीठ मिळेपर्यंत, म्हणजे तब्बल चाळीस वर्षे, येथील विद्यार्थ्याच्या परीक्षेचे नियम दूरच्या आणि परभाषक शहरात ठरत. मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्याला परीक्षक निदान नावाने ठाऊक असण्याचा संभव होता. रामटेक किंवा पारशिवनीकडून नागपुरात शिकावयास आलेल्या विद्यार्थ्याला तो तसा असण्याचे कारणच नव्हते. आपले लेखन कोण वाचणार, त्याला मराठी येते काय, पेंचचे खोरे त्याने कधी पाहिले आहे काय, यांपैकी कशाचाही अंदाज नसताना लिहावयाचे, ही सवय विदर्भाला अधिक आधी आणि अधिक पुरती लागली, असे म्हणता येईल.

३

अशा वाचकासाठी लिहिण्याची तयारी कशी करावयाची? मराठी समाजाने या प्रश्नाला दिलेले पहिले मोठे उत्तर म्हणजे द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची 'भाषांतर पाठमाला'. तिच्या तीन भागांवर अनेक पिढ्या वाढल्या. 'तर्खडकर' हे आडनाव घराघरांत पुस्तकाचे नाव होऊन बसले. मराठी वाक्य घ्यावयाचे, त्याचे इंग्रजी करावयाचे; इंग्रजी वाक्य घ्यावयाचे, त्याचे मराठी करावयाचे; आणि प्रत्येक पाठात रचनेचा एकेक नियम पक्का करावयाचा, अशी तिची पद्धती होती. या पद्धतीचे एक मोल आज विसरले गेले आहे. तिच्यात मराठी ही इंग्रजीच्या शेजारी बरोबरीने बसत होती, आणि विद्यार्थी एका भाषेतून दुसरीत जाताना दोहोंचाही विचार करीत होता. तिची मर्यादा अशी की तिचे एकक वाक्य होते. एक वाक्य निर्दोष करता आले तरी दोन वाक्यांमधला तर्क, परिच्छेदाची चाल, आक्षेप घेऊन त्याला दिलेले उत्तर, यांचे भाषांतर करावयाचे नसते. ते मुळात मनात असावे लागतात.

दुसरे उत्तर व्याकरण व निबंधरचना यांच्या जोडग्रंथांनी दिले. उत्तर हिंदुस्थानातील शिक्षणखात्याचे अधिकारी नेसफील्ड यांची व्याकरणे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस देशभर पसरली. त्यानंतर मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात काम केलेले पी. सी. रेन आणि त्यांचे सहकारी मार्टिन यांचे 'हायस्कूल इंग्लिश ग्रामर अँड कॉम्पोझिशन' १९३० नंतरच्या दशकात मुंबईहून निघाले आणि आजही विकले जाते. या पुस्तकांत निबंधाचे आराखडे असत, आणि त्यांच्या मागोमाग बाजारात केवळ नमुना निबंधांचे संग्रह आले. येथे तयारीचे स्वरूप पालटले. तर्खडकरांच्या विद्यार्थ्याजवळ स्वतःची भाषा होती आणि त्याला वाट शोधावयाची होती. नमुन्यांच्या विद्यार्थ्याजवळ वाट आधीच तयार होती आणि त्याने स्वतःचे असे काही न्यावयाचेच नव्हते. प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप हा सांगाडा पाठ करावयाचा आणि त्यात विषयाचे नाव भरावयाचे. जो वाचक काही जाणून घेण्यासाठी वाचत नाही, केवळ मोजण्यासाठी वाचतो, त्याच्यासाठी हा उपाय पूर्णतः तर्कशुद्ध होता. पाठांतराबद्दल विद्यार्थ्यालाच दोष देण्याची जी रीत आहे, ती हा तर्क लक्षात घेत नाही.

४

परीक्षक नावाचा हा वाचक उत्तरपत्रिकेपुरता राहिला असता तर वाङ्मयसमीक्षेला त्याची चर्चा करण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु तो लवकरच मराठी लेखनव्यवहारात शिरला. मराठीत पुस्तकाच्या समीक्षेला 'परीक्षण' म्हणतात, ही गोष्ट या संदर्भात ध्यानात घेण्याजोगी आहे. 'परीक्षा' हा शब्द अर्थातच जुना आहे; रत्नपरीक्षा, अश्वपरीक्षा यांतला परीक्षक हा पारखी असतो आणि पारख्याला त्या वस्तूत रस असतो, कधी ती विकतही घ्यावयाची असते. विद्यापीठीय परीक्षेने या जुन्या शब्दात नवा मनुष्य आणून बसविला. त्याला उत्तरपत्रिका नको असते. तिच्यातील चुका हव्या असतात.

चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त जोतीराव फुले यांच्या लेखनाचा जो समाचार घेतला, तो या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. 'गुलामगिरी' (१८७३) या ग्रंथातील विचाराचा प्रतिवाद करण्याबरोबरच, आणि पुष्कळदा त्याऐवजी, त्यांनी फुल्यांच्या भाषेतील व्याकरणदोषांचा उपहास केला. चिपळूणकर हे पेशाने शिक्षक होते, ही बाब त्यांच्या चरित्रातील तपशील म्हणून नेहमी सांगितली जाते. त्यांच्या समीक्षेची रीत म्हणून ती क्वचितच पाहिली जाते. लेखकाला काय म्हणावयाचे आहे याचे उत्तर देण्याऐवजी ते त्याने कसे लिहिले याला गुण देणे, ही परीक्षकाची रीत आहे. या रीतीमागे त्या काळातील जातिव्यवस्थेचा पूर्वग्रह होता हे तर स्पष्टच आहे. परंतु पूर्वग्रहाला प्रतिष्ठित रूप देण्याचे काम परीक्षेने केले. शुद्धलेखनाच्या नावाने बोलताना जातीचे नाव घ्यावे लागत नाही.

या प्रसंगाचा उत्तरार्ध अधिक अर्थपूर्ण आहे. चिपळूणकरांचे निधन मार्च १८८२ मध्ये झाले. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे आपले इंग्रजी निवेदन ठेवले. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या आणि विद्यापीठाची कोणतीही परीक्षा न दिलेल्या या लेखकाने सरकारला सरळ हिशेब विचारला : महसुलाचा मोठा भाग शेतकरी देतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो, तेव्हा प्राथमिक शिक्षण ठरावीक वयापर्यंत सक्तीचे का करू नये? ज्याला इंग्रजी लेखनाची परीक्षा म्हणतात त्या परीक्षेला जे जे तत्त्वतः हवे असते, म्हणजे स्पष्ट भूमिका, पुरावा, क्रम, प्रतिपक्षाची जाण, ते सर्व या निवेदनात आहे. फरक इतकाच की त्याला खरा वाचक होता. आयोग उत्तर देण्यास बांधलेला होता, निदान तसे मानावयास जागा होती. आणि लिहिणाऱ्याजवळ सांगितल्यावाचून राहवणार नाही असे काही होते.

५

इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांसाठी स्वतंत्र प्रावीण्यपरीक्षा केंब्रिजने १९१३ मध्ये प्रथम घेतली. तिला तीन उमेदवार बसले आणि तिघेही अनुत्तीर्ण झाले. त्या परीक्षेतील निबंधासाठी दोन तास होते, आणि दिलेल्या विषयांत मॅथ्यू आर्नल्ड होते, एलिझाबेथकालीन प्रवास होते, स्थानिक स्वराज्याचा विकास होता आणि हिंदुस्थानातील १८५७ चे बंडही होते. सत्तावन्नवर निबंध लिहिताना प्रावीण्य कशाला म्हणावयाचे? 'बंड' हा शब्द स्वीकारणे हा भाषाज्ञानाचा भाग आहे की निष्ठेचा? विषयाचे नावच जेव्हा उत्तराची दिशा ठरविते तेव्हा भाषेची परीक्षा तटस्थ राहत नाही. त्या प्रश्नपत्रिकेने ही गोष्ट नकळत उघड केली.

त्याच १९१३ मध्ये भीमराव रामजी आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९०७ मध्ये मॅट्रिक आणि १९१२ मध्ये बी. ए. होऊन त्यांनी इंग्रजी लेखनाच्या देशी परीक्षा ओलांडल्या होत्या. मे १९१६ मध्ये तेथील मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी हिंदुस्थानातील जातींच्या उगमावर निबंध वाचला. परक्या वाचकासमोर, परक्या भाषेत, स्वतःच्या आयुष्याला चटका देणाऱ्या विषयावर तर्काने बोलावयाचे होते. आणि ऐकणारे प्रश्न विचारणार होते. चारच वर्षांनी, ३१ जानेवारी १९२० रोजी, 'मूकनायक' निघाला आणि तोच तर्क मराठीत उभा राहिला. एका भाषेत कमावलेली युक्तिवादाची ताकद दुसऱ्या भाषेत नेता येते, याचे मराठीत याहून ठसठशीत उदाहरण नाही. नागपूर जिल्ह्यातील ज्या घरांत १९५६ च्या धर्मांतरानंतर शिक्षणाची ओढ धर्मकर्तव्यासारखी जोपासली गेली, तेथील मुलांच्या दृष्टीने परदेशी विद्यापीठाची वाट ही या उदाहरणाची आठवण आहे. त्यांच्या इंग्रजी परीक्षेकडे केवळ वसाहतीचा अवशेष म्हणून पाहणे त्यामुळे अपुरे ठरते. भाषिक स्वाभिमानाचा जो युक्तिवाद मराठी समीक्षेत १९८० नंतर प्रबळ झाला, त्याने या बाजूचा विचार पुरेसा केलेला नाही.

६

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही परीक्षा स्थलांतराची परीक्षा झाली. १९६४ मध्ये अमेरिकेत 'टोफेल' सुरू झाली तेव्हा तिच्यात प्रत्यक्ष लेखन नव्हते. पर्यायांतून उत्तर निवडावयाचे होते. तीस मिनिटांचा निबंध तिच्याबरोबर १९८६ मध्ये आला आणि १९९८ च्या संगणकीय रूपात लेखन अनिवार्य झाले. ब्रिटन-ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने १९८९ मध्ये सुरू झालेल्या 'आयईएलटीएस' परीक्षेत लेखनाला साठ मिनिटे असतात. पहिल्या कार्यात किमान १५० शब्द लिहावयाचे. विद्यापीठीय शाखेत एखाद्या आलेखाचे वा तक्त्याचे वर्णन, सर्वसाधारण शाखेत पत्र. दुसऱ्या कार्यात किमान २५० शब्दांचा निबंध, आणि त्याचे वजन पहिल्याच्या दुप्पट. मूल्यमापनाचे निकष चार : कार्याला दिलेला प्रतिसाद, सुसंगती व जोडणी, शब्दसंपत्ती, आणि व्याकरणाची व्याप्ती व अचूकता.

या चार निकषांत एक गोष्ट नाही. लिहिलेले खरे आहे की नाही, हे तपासले जात नाही. भाषेच्या परीक्षेने सत्याची परीक्षा घेऊ नये हे न्याय्यच आहे. परंतु तयारी करणारा त्यातून जो धडा घेतो तो निराळा असतो. उदाहरण पटणारे असले म्हणजे पुरे, ते आपले असण्याची गरज नाही, हा तो धडा. १९९९ पासून व्यवस्थापनशास्त्राच्या 'जीमॅट' या प्रवेशपरीक्षेत आणि २००९ पासून 'टोफेल'मध्ये निबंधाला गुण देण्याच्या कामी संगणकही सहभागी झाला. मोजण्यासाठीच वाचणारा वाचक या टप्प्यावर त्याच्या शुद्ध रूपाला पोचला. दुसरीकडे २०२३ मध्ये 'टोफेल'ने स्वतंत्र निबंधाची जागा वर्गातील चर्चेत भाग घेतल्यासारख्या लहान लेखनाला दिली. काल्पनिक का होईना, पण लिहिणाऱ्यासमोर कोणीतरी असावे लागते, याची ही उशिरा मिळालेली कबुलीच होय.

महाराष्ट्रात या काळात दोन गोष्टी समांतर घडल्या. स्वातंत्र्याच्या सुमारास नागपूर विद्यापीठ मराठी व हिंदी माध्यमांकडे वळले होते. इंग्रजी हळूहळू माध्यमाऐवजी विषय झाली. पुढे २००० मध्ये राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली. राज्य मंडळाच्या इंग्रजी प्रश्नपत्रिकांत तक्त्यावरून परिच्छेद लिहिणे, एखाद्या मताच्या विरोधात मत मांडणे असे प्रश्न आले, म्हणजे आंतरराष्ट्रीय परीक्षेची दोन्ही कार्ये लहान रूपात मराठी शाळेत पोचली. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. केंद्रीय लोकसेवा आयोगाने १९९३ मध्ये सनदी सेवांच्या मुख्य परीक्षेत निबंधाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आणली आणि ती आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत लिहिण्याची मुभा दिली. १८५४ च्या योजनेत जो निबंध इंग्रजीतच लिहावयाचा होता तो आता मराठीत लिहिता येऊ लागला. २०१३ मध्ये इंग्रजीचे गुण गुणवत्तायादीत धरण्याची तरतूद जाहीर झाली तेव्हा देशभर विरोध झाला आणि ती मागे घ्यावी लागली. इंग्रजीची प्रश्नपत्रिका केवळ पात्रतेपुरती राहिली. युक्तिवादी निबंध हा इंग्रजीचा खाजगी मालमत्तेसारखा ठेवा नाही, हे या घटनाक्रमाने व्यवहारात सिद्ध केले आहे.

७

आता पुन्हा पारशिवनीकडे वळता येईल. प्रावीण्यपरीक्षेत पर्यावरण आणि विकास, शहर आणि खेडे, यंत्र आणि रोजगार असे विषय वारंवार येतात. या तालुक्यात नवेगाव खैरीला पेंचवर धरण आहे आणि त्याचे पाणी नागपूर शहराची तहान भागविते. कन्हानच्या परिसरात कोळशाच्या खाणी आहेत. उत्तरेला १९७५ पासूनचे राष्ट्रीय उद्यान आणि त्याभोवती वाढलेले व्याघ्र प्रकल्पाचे क्षेत्र आहे. पाणी कोणाचे, जंगल कोणाचे, खाणीतला रोजगार किती वर्षांचा, हे वाद येथील मुलांनी घरात, बसथांब्यावर, ग्रामसभेत ऐकलेले असतात. विकासाची किंमत कोणी द्यावी या प्रश्नावर जगातल्या फार थोड्या परीक्षार्थींजवळ इतका जवळचा पुरावा असेल. परंतु नमुना निबंधाने शिकविलेले असते की उदाहरण लंडनचे किंवा टोकियोचे द्यावे, 'संशोधनाने सिद्ध झाले आहे' असे मोघम लिहावे, आणि स्वतःचे गाव परीक्षागृहाच्या बाहेर ठेवून यावे. परीक्षकाला पारशिवनी कोठे आहे ते ठाऊक नाही, म्हणून ती उत्तरात नको, असा हा हिशेब आहे. कलकत्त्याच्या काळात तो रुजला आणि आजवर टिकला.

वास्तविक निकष काय मागतात? भूमिका स्पष्ट असावी, मुद्दा विस्ताराने मांडलेला आणि उदाहरणाने आधारलेला असावा, वाक्ये एकमेकांना धरून असावीत. अनोळखी वाचकाला दोन वाक्यांत पेंचचे धरण समजावून सांगणे आणि मग त्यावरून आपला मुद्दा काढणे, हे या सर्व अटींत बसते. किंबहुना अनोळखी वाचकासाठी लिहिणे म्हणजे याहून दुसरे काही नाही. फुल्यांनी आयोगाला महाराष्ट्रातील शेतकरी समजावून सांगितला, आंबेडकरांनी न्यूयॉर्कमधील श्रोत्यांना जात समजावून सांगितली. दोघांनीही वाचकाचे अज्ञान हे स्वतःचे जग झाकण्याचे कारण मानले नाही. ते उलगडून सांगण्याचे कारण मानले. त्यासाठी लागणारी मुख्य तयारी इंग्रजीत करावी लागत नाही. वादाचा मुद्दा, पुरावा, प्रतिपक्ष आणि निष्कर्ष यांचा क्रम मराठीतच, शाळेच्या निबंधाच्या तासाला, लावता यावयास हवा. आणि मराठीचा तास तर पावसाळ्यातील एक दिवस आणि नदीचे आत्मवृत्त यांतून अद्याप बाहेर पडलेला नाही. नदीला बोलते करणारा विद्यार्थी नदीवरील धरणाबद्दल स्वतः काय म्हणतो, हे त्याला कोणी विचारीत नाही.

इंग्रजी लेखनपरीक्षेतील अपयशाचे खापर म्हणूनच केवळ इंग्रजीच्या तासावर फोडता येणार नाही. त्यात मराठीच्या तासाचा वाटा आहे, आणि लेखकाच्या म्हणण्याला उत्तर देण्याऐवजी त्याला गुण देत आलेल्या मराठी समीक्षेचाही. 'परीक्षण' या शब्दातील पारखी मराठी समीक्षेला पुन्हा सापडला, तर उत्तरपत्रिकेसमोर बसलेल्या पारशिवनीच्या मुलीलाही, आपले कोणीतरी ऐकणार आहे, असे समजून लिहिता येईल. त्या साठ मिनिटांत तिच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते.